रागाची परीक्षा

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, एकाहत्तर साली सोनईतल्या आमच्या आळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची रागाची परीक्षा झालेली आहे. आणि तीत आमचे चिरंजीव नापास झाले होते.

परीक्षक म्हणजे बाळांना न्हाऊ घालणारी मावशी. तेल लावून झालं की ती बाळाचे दोन्ही हात छातीवर आडवे धरून ठेवी आणि म्हणे, "बगू, किती आग हाय!" बाळ किंचाळलं की मावशी खूश. "ह्यो मामलेदार हुनार!" नुसतं मुळूमुळू रडलं तर, "गरीब हाय बिचारं." तिचे निकाल सर्रास चुकत, बरं का. शेजारची एक 'गरीब' दोन वर्षांची झाल्यावर अख्ख्या आळीला चावत सुटली होती.

आमच्या बाळाचे हात धरले. तो मावशीकडे बघत राहिला. खालचा ओठ थरथरला आणि थांबला. बस.

"रडत का न्हाई गं ह्यो?"

"माझ्यावर गेलाय. सोशीक आहे," मी म्हटलं. यावर सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. पण मावशी हसली नाही.

दुष्काळ पडला. बाळाच्या अंघोळीचं पाणी कढीलिंबाला जाऊ लागलं. मावशीचं काम कधीच संपलं होतं, तरी ती दारातून विचारी, "चिडला का?" आम्ही खुळखुळा लपवायचो, घास हिसकायचो. तो रिकाम्या हाताकडे बघे, मग आमच्याकडे, आणि गप्प बसे. डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे. माझा विश्वास मात्र मावशीच्या कपाळावरच्या आठीवर.

लेकीकडे मिरजगावला कायमची जाताना ती म्हणाली, "ज्या दिशी मातीत लोळंल, त्या दिशी सांगावा धाडा. तवर माज्या जिवाला घोर हाय." थंडीत ती तिकडेच वारली. सासूबाई दहाव्याला जाऊन आल्या.

नंतरच्या एका आठवडे बाजारात पोराला भिरभिरं हवं होतं. सासूबाईंनी त्याच्या हातातून काढून ते परत ठेवलं. त्यानं रिकाम्या हाताकडे पाहिलं. ओठ थरथरला.

आणि धाडकन पठ्ठ्या मातीत! टाचा आपटतोय, लाल-निळा होतोय, मिरच्यांची पाटी उलथलीय, पलीकडचे बैल माना वळवून बघतायत. लोक म्हणाले, "काय हट्टी पोर!" मी आपली रडतेय आणि हसतेय.

तेवढ्यात, दहाव्याचं जेवून आलेल्या माझ्या सासूबाई पिशवी टाकून भर बाजारात ओरडल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस? मावशीला सांगावा धाड, पोरगं लोळलं!"