डावीकडून वाढणारा

जगात जेवायला जन्मलेली माणसं पुष्कळ असतील, पण वाढायलाच जन्मलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या किन्हीराजा गावचा, माझ्याच वर्गातला. सातवीनंतर मी मास्तरकीच्या मागे लागलो. तो मुंबईला समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलात भांडी घासायला लागला, आणि सत्तर सालानंतर तिथल्या नावाजलेल्या जेवणघरात पांढरा कोट घालून वाढायला उभा राहिला. विलायतेचे पाहुणे तिथं महिनाभर आधी टेबल राखून ठेवतात, असं तो सांगे.

वर्षातून एकदा तो रजेवर येई आणि गावाला शिस्त लावू पाही. डाव्या हातावर पंचा टाकल्याशिवाय त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलता येत नसे. वाढायचं डावीकडून, ताट उचलायचं उजवीकडून. माझ्या बायकोनं एकदा समोरून पिठलं वाढलं, तर तो इतका खिन्न झाला की बिचारी वळसा घालून पुन्हा आली. मंगरूळपीरच्या स्टँडवर त्यानं चहावाल्याला अदबीनं विचारलं, "आज खास काय आहे?" चहावाला म्हणाला, "आज कप धुतले." डाग पडला म्हणून हॉटेलनं बाद केलेले रुमाल तो घेऊन येई आणि घड्या घालून त्यांची कमळं करी. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या ताटात त्यानं असंच एक कमळ ठेवलं. साहेबांनी ते भक्तिभावानं उचलून सरस्वतीच्या तसबिरीपुढे वाहिलं आणि जेवल्यावर हात पँटीला पुसले.

त्याची आवडती गोष्ट म्हणजे रुमालात पाव लपवणाऱ्या गिऱ्हाइकांची. "मोठमोठ्या घरच्या म्हाताऱ्या राह्यतात लेका," तो हसून सांगे. "मी जातो, रुमाल बदलून देतो म्हणतो, अन् झटकतोच. पाव खाली." मला हे फारसं आवडत नसे, पण त्या पंच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

एका वर्षी त्यानं शाळेचं टेबल मागितलं. वडिलांना एकदा, अगदी तिथल्यासारखं, बसवून वाढायचं होतं. "गड्या, हजारो लोकायले वाढलं, बापाले नाइ वाढलं." त्याचे वडील जन्मभर गावच्या लग्नांत शेवटच्या पंगतीला जेवले, तेही मांडवाबाहेर. त्यातले दोन मांडव आमच्या घरचे होते. टेबल मी स्वतः डोक्यावर घेऊन गेलो.

पांढरी चादर, कमळ, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर. वडील खुर्चीच्या टोकावर बसले आणि कोणी दारात डोकावलं की उठू लागले.

"बाबा, जागा तुमचीच आहे. कोणी उठवत नाइ. हळू जेवा."

"संपून जाते ना बाप्पा," ते म्हणाले आणि भराभर जेवत राहिले.

चौथी भाकर वाढायला तो डावीकडून वाकला, तेव्हा आम्ही दोघांनीही पाहिलं. तिसरी ताटात नव्हती. कमळ मोडलं होतं आणि वडिलांच्या मांडीवर रुमालाचं गाठोडं होतं. आत चुलीपाशी टोपलंभर भाकरी होत्या, तरीही.

त्याचा हात थांबला. हा आता झटकतो की काय, असं मला वाटलं. लहानपणी गावात लग्न असलं की वडिलांच्या धोतराच्या सोग्यातून या घरात बुंदी यायची. त्यातली थोडी तो मला शाळेत द्यायचा, आणि मीही ती खाल्ली होती. मला ते आठवलं. त्याला माझ्याआधी आठवलं असणार. त्यानं भाकर ताटात ठेवली, आतून आणखी एक आणली आणि टेबलाच्या कडेला ठेवली.

"बाबा, हे बांधाले."

वडील गोंधळले, मग हसले, आणि त्यांनी तीही बांधून घेतली.

वडील आता नाहीत. तो अजून येतो, पंचा टाकून वाढतो, पण पावाची गोष्ट सांगत नाही. एकदा मीच खोडी काढली, तर पंचा सारखा करत म्हणाला, "लपवतात ना अजून. मी खिडकीतून समुद्र पाह्यतो. त्यायचं बांधून झालं का मंग जातो."