गणपतीमागचा पिवळा दिवा

त्या दुष्काळात आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शहर मात्र जोमात वाढत होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण प्लॉट पाडायला जागा कमी पडत नव्हती. आम्ही पैठण रोडवरच्या एका ओळखीच्या बोअरवरून कॅन भरून आणायचो, आमच्या जुन्या पेट्रोल कारमधून. पाण्यापायी पेट्रोल इतकं जळायला लागलं की मी गाडीला गॅस किट बसवायचा शहाणपणा केला.

वडिलांना तो पटला नाही. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. बस गेटातून आत येत असतानाच तिचं काय दुखतंय, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. निवृत्तीनंतर मिरवायला त्यांच्याकडे तेवढा एक कानच उरला होता. माझ्याकडे इंटरनेट होतं.

किट बसवणारा माझ्याहून ज्ञानी निघाला. गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे तो दाबाखाली अवेळी पेटत नाही आणि इंजिन ठोकत नाही, इथपर्यंत खरं होतं. पुढचं त्याचं स्वतःचं संशोधन. "ठोकताच नै, तो नॉक सेन्सर कायको?" असं म्हणत त्याने वायर उपटली. इंजिनाचा ठोका ऐकला की स्पार्क जरा उशिरा पाडायला लावणं एवढंच त्या सेन्सरचं काम. वर पिकअपसाठी त्याने स्पार्क आणखी लवकर पडेल अशी सोय केली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. "उसकू देखनेका नै," तो म्हणाला. मी आज्ञाधारक माणूस. मी दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं. बाप्पांच्या मागे फुकटात प्रभावळ आली.

"देवामागं उजेड कशाचा रं?" वडिलांनी विचारलं.

"डेकोरेशन."

गॅसची टाकी डिकीत बसली, म्हणून कॅन मागच्या सीटवर आले आणि एक वडिलांच्या मांडीवर. गॅसच्या पंपावर पाण्याच्या टँकरपेक्षा मोठी रांग, त्यामुळे गाडी बहुतेक पेट्रोलवरच चालायची. म्हणजे ज्या इंधनाला तो सेन्सर हवा होता, तेच आम्ही जाळत होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं, तर मला एवढं शहाणं कोण म्हणालं असतं!

"इंजिन ठोकतंय," एका चढावर वडील म्हणाले. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतोय म्हणे. मला काही ऐकू येईना, म्हणून मी त्यांना ऑक्टेन समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"दादा, तुमचे कान डिझेल बसचे. यातलं तुम्हाला काही कळत नाही. गाडीत बसायचं तर गप्प बसा."

ते गप्प बसले. रोज माझ्या शेजारी, मांडीवर कॅन धरून. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं.

पंधरा दिवसांनी भरल्या कॅनांसकट त्याच चढावर गाडी मेली. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, तर पिस्टनला भोक पडलेलं.

"आवाज तर लई दिवस येत असंल," गॅरेजवाला म्हणाला. "कुनालाच ऐकू आला नाय व्हय?"

"मला येत व्हता," वडील म्हणाले. "रोज."

"मग बोलला का नाही?" मी ओरडलोच.

"गप बस म्हनला व्हतास."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो तरी असतो. त्या परक्या माणसासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिन दुरुस्त झालं, सेन्सरची वायर जोडली, दिवा विझला. स्टिकर मी स्वतः नखाने खरवडून काढलं. पहिल्याच फेरीला तो चढ आला तेव्हा मी काचा वर केल्या, पंखा बंद केला आणि विचारलं, "दादा, आवाज कसा येतोय?"

वडिलांनी मांडीवरचा कॅन सावरला.

"तुज्या सेन्सरला इचार," ते म्हणाले.