शगुनाचा नारळ

अकोला स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीच्या गजांतून पितळी कुंकवाचा करंडा माझ्या हातात कोंबला. यांची बदली थेट चंदीगडला झाली होती आणि आईला त्या गावाचं नावही धड घेता येत नव्हतं. रडायचं सोडून ती गाडीबरोबर चालत ओरडत होती, “दारात आलेल्या सवाशिणीले कुंकवाबिगर धाडू नोको, माय!”

ते मी पाळलं. दूधवाल्याची बायको, शेजारच्या भाभीजी, मनीमाजऱ्याहून येणारी शिवणवाली, कुणीही या दारातून कोऱ्या कपाळानं गेली नाही. पुढं आम्ही इथंच घर बांधलं, आणि आता ते विकतोय. पेन्शनीत इथला खर्च भागत नाही, छत गळतंय, यांचे गुडघे जिना चढायला तयार नाहीत. अकोल्यात दोन खोल्यांचा फ्लॅट सहज परवडतो. बंगळुरूहून मुलगा फोनवर म्हणतो, “मम्मा, इमोशनल मत हो यार, बेच दो.” मराठी कळतं त्याला, पण उत्तर हिंदीतच.

तिकडे महाराष्ट्रात राहिलेल्या माझ्या बहिणींनो, घर विकणं म्हणजे काय ते तुम्हांला सांगते. शिसारी येते, दुसरा शब्द नाही. अनोळखी माणसं चपला घालून देवघरापर्यंत येतात. किल्लीनं भिंती ठोकतात. आमचं न्हाणीघर उघडून नाक मुरडतात आणि त्याच हातानं आमचाच चहा घेतात. आमचे दलाल बंटीजी तर मला फोडणीसुद्धा करू देत नाहीत. “आंटीजी, पार्टी आने से पहले तड़का मत लगाना, बंदे बिदक जाते हैं.” वासानं गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. ज्या स्वयंपाकघरात मी उभी हयात घालवली, तिथं आता लिंबाच्या वासाचं काहीतरी फवारून ठेवते.

मोटारींचे सुटे भाग विकणारे एक साहेब असेच आले. अंगणात उभं राहून त्यांनी बोटानं हिशेब केला, तुळस इथून काढायची, कढीपत्ता तोडायचा, मग इथं त्यांच्या दोन गाड्या उभ्या राहतील. भाव सांगितला तो आम्ही मागितलेल्यापेक्षा पुष्कळ खाली. यांनी नुसतं “बघू” म्हटलं. मला तर त्या माणसाकडे बघवत नव्हतं. त्यांची बायको मात्र सगळा वेळ दाराशी गप्प उभी होती. निघताना माझा हात आपसूक करंड्याकडे गेला. तिला कुंकू लावलं, शुक्रवारच्या पूजेचा नारळ होता तो ओटीत घातला. तिनं ओढणी डोक्यावर घेऊन तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब लाडवांचा डबा घेऊन हजर. मागं बंटीजी, हसऱ्या तोंडानं. “बधाई हो! आंटीजी ने खुद शगुन डाल दिया. सौदा पक्का.” इकडे नारळ झोळीत पडला की बोलणी ठरली, हे इतकी वर्षं राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, घरच घातलंस की तिच्या ओटीत!”

आम्ही नाही म्हटलं. लाडू परत केले. मग साहेब फाटकात उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, शगुन देऊन फिरणारी माणसं, थू! शेजारच्या भाभीजींनी माझ्या हातचं कुंकू किती वर्षं लावून घेतलं असेल, पण त्याही खिडकीतून नुसत्या बघत राहिल्या. मला सगळ्यांचाच वीट आला. बंटीजींनी हुकूम सोडला, “रजिस्ट्री तक वो डिब्बी अंदर रखो, आंटीजी.” मी करंडा कपाटात घालून कुलूप लावलं.

गेल्या आठवड्यात एक फौजी जोडपं घर बघायला आलं. मुलगी सांगलीकडची, लग्न नवं. आत येताच म्हणाली, “काकू, मराठी बोलायला मिळालं, बरं वाटलं!” चपला तिनं बाहेर काढल्या होत्या. तुळशीला हात लावून नमस्कार केला. घर त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, हे तिनं सरळ सांगितलं. मग “येते हं काकू” म्हणून ती उंबऱ्याशी थांबली. मान किंचित पुढं केली, आपल्याकडे करतात तशी.

मागं बंटीजी उभे होते. मी म्हटलं, “या हं.” आणि हात पदराखाली घेतले.

ती क्षणभर तशीच राहिली, मग हसली आणि गेली. कुंकू म्हणजे सौदा नव्हे, हे तिला कळलं असतं. काहीच बिघडणार नव्हतं. इतके दिवस मला त्या ठोकणाऱ्यांची, नाक मुरडणाऱ्यांची किळस येत होती. त्या दुपारी स्वतःची आली.

घराला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. हे रोज विचारतात, कधी सुटणार गं इथून. अकोल्यात बघून ठेवलेल्या फ्लॅटला अंगण नाही, तुळस खिडकीत ठेवावी लागेल. दाराशी एक फळी तेवढी ठोकून घ्या म्हटलंय यांना, करंड्यापुरती. माझं घर आता तेवढंच. इथलं मी विकलं नाही, पण ती मुलगी कोऱ्या कपाळानं फाटकाबाहेर गेली तेव्हाच ते गेलं.