विल्फ हॅलम यांचा शेवटचा चारा

विल्फ हॅलम मार्चअखेरीस गेले, आणि त्यांनी वेळ चुकवली यावर आमच्या गल्लीत सगळ्यांचं एकमत झालं. इंग्लंडातल्या या ट्रेंट नदीवर मार्चच्या मध्यापासून पंधरा जूनपर्यंत गळ टाकायला बंदी असते. मासे तेव्हा अंडी घालतात. विल्फना तर आपली राख त्याच नदीत हवी होती, आणि तीही नुसती नव्हे, माशांच्या चाऱ्यात मिसळून.

"नुसती राख टाकलीत तर एक मासा फिरकणार नाही," त्यांनी हॉस्पिटलात बायकोला, बेरिलना, बजावलं होतं. "मग मी तिथे एकटाच बसू का?"

विल्फनी जन्मभर बस चालवली आणि उरलेला वेळ नदीकाठी काढला. गळाच्या स्पर्धांमधले कप त्यांच्या घरात इतके होते की बेरिल एकात कपड्यांचे चिमटे ठेवायच्या. गळाला लावायच्या अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी असायचा, त्यावरून महिन्यातून एकदा तरी भांडण व्हायचं. पण नदीवर त्यांचा शब्द चाले. कोरड्या हाताने माशाला शिवलेलं त्यांना खपत नसे. हात आधी ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा जातो आणि तो आजारी पडतो, हे त्यांनी अर्ध्या गावाला ओरडून शिकवलं होतं.

आम्ही इथे नवीन असताना मी त्यांना विचारलं होतं, "मासे तळता की रस्सा करता?"

"सोडून देतो."

"मग पकडता कशाला?"

"भेटायला," विल्फ म्हणाले.

"मला भेटायला कधी इतका वेळ काढला नाही," बेरिल खिडकीतून म्हणाल्या.

आमच्या घरांची परसदारं नदीकडे आहेत. माझा मुलगा निनाद लहान असताना मला त्या पाण्याचा धसकाच होता. काठावर विल्फची हिरवी छत्री दिसली की मगच माझं कामात लक्ष लागे. एकदा मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "तसं काही नाही, डक. तुमचं पोरगं पाण्यात पडलं तर माझे मासे पळतील, म्हणून लक्ष ठेवतो." डक म्हणजे बदक, इकडे मायेने कुणालाही असंच म्हणतात. मला त्याची सवय व्हायला बराच काळ लागला.

अंत्यविधीला त्यांची मुलगी मँडी ऑस्ट्रेलियातून, पर्थहून आली. चहा पिता पिता राखेचा विषय निघाला. मी आणि मासेमारी क्लबचा सेक्रेटरी क्लाइव, दोघंही तिथेच होतो.

"सोळा जून?" मँडीने कप आदळला. "मी रविवारी परत चाललेय! एवढी रजा मला कोण देणार आहे?"

"बंदीच्या काळात पाण्यात चारा टाकायचा नाही, असा क्लबचा नियम आहे," क्लाइव चाचरत म्हणाला.

"कुणी केला हा नियम?"

"तुझ्या बाबांनी. मागच्या वर्षी त्यांनी पाद्रीबुवांनाही हाकललं होतं. ते बिचारे बदकांना पाव टाकत होते."

"माझं लग्न जूनमध्ये होतं, म्हणून बाबा लग्नाला आले नाहीत. हंगाम सुरू होतोय म्हणे!" मँडीचा आवाज चिरकला. "आता मेल्यावरसुद्धा नदी आधी आणि मी नंतर? मला माझ्या हाताने पोचवायचंय त्यांना. एवढंच मागतेय मी."

क्लाइवने गावाबाहेरचं तळं सुचवलं; तिथे बारा महिने गळ टाकता येतो.

"तळ्यात?" बेरिल म्हणाल्या. "विल्फ त्याला न्हाणीघर म्हणायचे."

मग सगळे माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे नदीतच सोडतात ना?" क्लाइवने विचारलं. "तिथे बंदीचा काळ कधी असतो?"

"गंगेला सुट्टी नसते," मी म्हणाले. मँडीला रडता रडता हसू आलं.

तोडगा शेवटी बेरिलनीच काढला. "चारा ओला केला तर लगेच आंबतो. कोरडा कितीही दिवस राहतो. विल्फ थंडीतच कालवून ठेवायचे. मँडी, कोरडा चारा तू कालव. भिजवून टाकायचं काम आम्ही जूनमध्ये करू. नियम पाण्यात टाकण्याबद्दल आहे, कालवण्याबद्दल नाही. काय रे क्लाइव?"

क्लाइवने बराच विचार करून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी परसात मोठी बादली आली. ब्रेडचा चुरा, भाजून कुटलेलं भांगेचं बी, कस्टर्ड पावडर, आणि त्यावर विल्फ. मँडीने बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात घातले.

"आणखी कस्टर्ड घाल," बेरिल म्हणाल्या. "गोड आवडतं."

"माशांना?"

"माशांनापण."

वाऱ्याची झुळूक आली तसा क्लाइव ओरडला, "झाका, झाका! तुझे बाबा उडतायत!" मँडी इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. तरी हात तिने बादलीतून काढले नाहीत. चारा एकजीव झाल्यावरही ती बराच वेळ कालवत राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

ती गेल्यावर बेरिलनी झाकणावर कागद चिकटवला: हे विल्फ आहेत. हात लावू नये.

सोळा जूनला सकाळी सगळा क्लब काठावर हजर होता. क्लाइवने नदीचं पाणी आणि काकवी घालून चाऱ्याचे गोळे वळले. मला तर ते पिंडच दिसले. ते पाण्यात टाकून झाल्यावर विल्फची गळाची काठी बेरिलच्या हातात दिली. त्यांनी ती आजवर फक्त पुसली होती. फोनवर मँडी होती, ऑफिसच्या जिन्यात उभी. तिच्याकडे दुपार झाली होती.

गळ आत गेला आणि त्याच्या दोरीवरच्या तरंग्याचं लाल टोक पाण्यावर ताठ उभं राहिलं. सगळे वाट बघू लागले. मासा काही येईना.

"आमच्याकडे असंच कावळ्याची वाट बघतात," मी हळूच म्हणाले. "पिंडाला शिवला नाही, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मग कुणीतरी मोठ्याने कबूल करतं, की काळजी करू नका, आम्ही बघू."

इंग्रज माणसं हसतील असं वाटलं होतं. पण क्लाइवने टोपी काढली. "विल्फ, नियम आम्ही पाळू."

टोक हललं नाही.

"तुमच्या काठ्या मी विकणार नाही," बेरिल म्हणाल्या. "अळ्या मात्र टाकून दिल्यात."

तरीही नाही. सगळ्यांचे डोळे फोनकडे गेले.

"बाबा," मँडी म्हणाली, "मी आता रागावलेली नाही हं."

तरंगा जागच्या जागी.

"त्याला पटलं नाही, डक," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरं बाबा, रागावलेय!" मँडी त्या जिन्यात केवढ्याने तरी ओरडली. "लग्नात सगळे विचारत होते, वडील कुठे आहेत म्हणून. अजून राग आहे मला. तरी कालवलं ना तुला मी माझ्या हातांनी? अजून काय पाहिजे?"

लाल टोक आधी वर उठलं, आडवं झालं, आणि सावकाश पाण्याखाली गेलं.

"ओढा! बेरिल, ओढा!" सगळा काठ ओरडला. काठी वाकली, बेरिलचा एक बूट चिखलात गेला, क्लाइवने जाळी खाली घातली. ताटाएवढा, चपटा, तांबूस ब्रीम मासा वर आला. बेरिलनी आधी दोन्ही हात नदीत बुडवले, मग त्याला उचलून फोनसमोर धरलं. मासा तोंड उघडत, मिटत राहिला.

मँडीचा चेहरा फोनच्या पडद्याजवळ आला. मग म्हणाली, "फार वेळ धरू नकोस, आई. सोड."

बेरिलनी हात पाण्यात नेले. मासा क्षणभर तळव्यांवर टेकून राहिला आणि वळला.

"गेला?"

"गेला."

"बरं. मला मीटिंग आहे," मँडी नाक ओढत म्हणाली. पण फोन काही तिने ठेवला नाही.