गुरुदासाची कागद गिरण

पेडण्यात त्या चवथीनंतर सगळे आवाज उतरवून एकच सांगायचे: अनंताच्या आगगाडीला दिष्ट लागली, आणि तीही परक्याची नव्हे, सख्ख्या भावोजीची. धावती गाडी त्याने नुसत्या डोळ्यांनी उभी केली म्हणे!

हा भावोजी म्हणजे मुळगावचा गुरुदास. पाळीच्या एका लोहखनिजाच्या प्लांटवर तेहेतीस वर्षं फिटर. खाणी बंद पडल्या, माणूस घरी बसला. हात काही बसेनात. शेजाऱ्यांचे मिक्सर, पंप, शिलाई मशिनं उघडून बसायचा. "गुरुदासाने उघडलं आणि चाललं नाही, असं यंत्र अख्ख्या मुळगावात नाही," असं सांगत फिरायचा. स्वतःच सांगायचा, पण खोटं नव्हतं.

एकच दुखणं होतं आणि ते पेडण्याला राहायचं: बायकोचा धाकटा भाऊ अनंत. आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेला. प्रत्येक बंदरातून त्याने काय आणावं, तर खेळातली इंजिनं, डबे, रूळ. निवृत्त झाल्यावर हॉलभर फळ्या टाकून त्याने बोगदे, पूल, स्टेशन मांडलं आणि दर चवथीला गणपतीसमोर गाडी धावायला लागली. लोक पाया पडायला यायचे आणि पाठ गणपतीकडे करून उभे राहायचे.

"आमच्या अनंताक बघा," पद्मावती नवऱ्याला ऐकवायची, "म्हातारो होऊक इलो तरी कसो खुशीत आसा!"

"गाडी त्याने केली काय? पेटी उघडली आणि रुळावर ठेवली. तेवढं मांजरसुद्धा करील."

"मगे तुमी एकदा मांजर व्हा!"

मत्सर हा शब्द गुरुदासाने जन्मात उच्चारला नाही. छातीत जळजळ झाली की ॲसिडिटी म्हणायचा. ही ॲसिडिटी पेडण्याची बस धरली की सुरू व्हायची, परतीच्या वाटेवर डिचोली आली की उतरायची.

एकदा अनंतच म्हणाला, "भावोजी, माझ्याकडे ओंडक्यांचे डबे आहेत, पण ओंडके उतरवायला जागा नाही. तुम्ही एक कागद गिरण करून द्या ना. तुमच्या हाताला जमेल."

खरी कागद गिरण गुरुदासाने कधी पाहिली नव्हती. पण गाडी येणार, माल घेऊन गिरणीपुढे थांबणार, आणि थांबली की लोक गिरणच बघणार! तो हो म्हणाला.

चार महिने घरात दुसरं बोलणं नव्हतं. खरे सत्त्याऐंशी फूट म्हणजे इथे एक फूट, असा हिशोब. लगदा शिजवायची उभी टाकी टाल्कम पावडरच्या डब्याची, वाफेचे नळ पेनांच्या रिफिलींचे, ओंडके काजूच्या काटक्यांचे. तयार कागदाचे रोल कशाचे? पणजीला जाता-येता साठवलेली बसची तिकिटं, गुंडाळून गुंडाळून. पद्मावतीने पावडर शोधली तेव्हा ती पेल्यात सापडली.

चवथीला गिरण जागेवर बसली. गुरुदास नवा सदरा घालून तिच्याशेजारी दुकानदारासारखा उभा राहिला.

"ही टाकी बघा. ह्यात लाकूड शिजतं..."

"हो, हो," लोक म्हणायचे आणि माना गाडीबरोबर वळायच्या. एका बाईने तर गिरणीच्या छपरावर नेवऱ्यांची बशी ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याला राहवेना. "अनंता, माल उतरवायचा तर गाडी थांबायला नको?"

"थांबवली तर पोरं रडतील, भावोजी. राहू दे धावती."

राहू दे धावती! गुरुदासाने गाडीवर डोळे रोखले आणि दातांत पुटपुटला, "एकदा तरी थांब गे बाये."

गाडी कुरकुरली, झटका खाल्ला आणि बरोबर गिरणीच्या दारात उभी राहिली.

मग काय, सगळे वाकले. "अरे, केवढं बारीक काम!" "हे नळ बघ!" "ही बसची तिकिटं रे!" दहा मिनिटं अख्खी चवथ गुरुदासाची होती. पण मागे अनंताची शेजारीण रुक्मिणी उभी होती, आणि तिचे कान चांगले होते. गणपती विसर्जनाला निघायच्या आत गोष्ट बाजारापर्यंत पोचली. पद्मावतीने नवऱ्याकडे न बघता इंजिनावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

गाडी हलली नाही. शेवटी अनंतच इंजिन घेऊन त्याच्यापुढे आला. "भावोजी, तुम्हीच उघडा. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

गुरुदासाने ते पडवीत नेऊन उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ब्रशने साफ केलं, बंद केलं, आणि गाडी धावायला लागली.

"काय झालं होतं?" अनंताने विचारलं.

"काही नाही. आतून सगळं ठीक होतं."

म्हणजे दिष्टच! आणखी पुरावा काय हवा? अनंताच्या बायकोने, सुविधाने, इंजिनाला काजळाचा ठिपका लावला. आता पेडण्यात लग्न असलं की पहिलं पान गुरुदासाला वाढतात, त्याच्यापुढे कुणी बाळ आणत नाही, आणि नवी स्कूटर घेतलेला माणूस ती मागच्या गल्लीत उभी करतो. गुरुदास सगळं मुकाट्याने सोसतो. गाडी गिरणीवरून अजून न थांबता जाते, आणि ॲसिडिटी आहेच.

दिष्ट लागली नव्हती. गिरणीच्या आवारात कोळसा म्हणून त्याने पाळीच्या लोहखनिजाची काळी पूड पसरली होती. ती इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाने ओढून घेतली आणि मोटर अडकली. तेहेतीस वर्षं खनिजात काढलेल्या फिटरला ते सुचलं नाही, आणि अनंतासमोर हे कबूल करण्यापेक्षा त्याला वाईट डोळ्याचा म्हणवून घेणं परवडलं.