डिम्फनाचे हात

डिम्फनाची जीभ तिखट, पण आमच्या तबेल्यात फिनबार मालकसुद्धा तिचं मुकाट ऐकून घेत. कारण तिचे हात. रोज दुपारी चार वाजता ती चाळीस शर्यतीच्या घोड्यांच्या पायांवरून हात फिरवायची. पायामागच्या दोरीसारख्या नसेत, म्हणजे कंडरेत, जरा ऊब लागली की त्या घोड्याची दौड बंद. नस तुटली तर घोडा जन्माचा गेला. सोळाव्या वर्षी आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातून इथे आली, त्याला एकतीस वर्षं झाली. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "चाळीस नवरे आहेत, वर आणखी कशाला?"

दाण्याचं काम माझं. शनिवारी आम्ही ओट्स कमी करून कोंड्याची लापशी घालतो, कारण रविवारी बहुतेकांना विश्रांती असते. बसून राहिलेल्या घोड्याला पोटभर ओट्स मिळाले तर सोमवारी धावताना त्याची पाठ लाकडासारखी होते. त्या शनिवारी मी उकळतं पाणी ओतलं, आणि डिम्फनाने बोलता बोलता हात घालून लापशी ढवळली.

"अगं, भाजलं!" मी ओरडलो.

"तुझी लापशी कधी गरम असते का रे, दाणेवाल्या?" ती हसली. मग स्वतःचा लालबुंद हात बघितला आणि तो पाठीमागे घेतला. "कोणापाशी बोललास तर बघ."

मी बोललो नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चार वाजले की मी दाण्याची बादली खाली ठेवून तिच्या बोटांकडे बघत राहायचो. ती "थंड आहे" म्हणायची, मालक मान डोलवायचे, आणि घोडा सकाळी दौडायला जायचा.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, मिलस्टोन नावाच्या घोड्याने अर्धे ओट्स न खाता तसेच टाकले. रविवारी त्याची मोठी शर्यत होती. डिम्फनाने पाय चाचपले.

"थंड आहे."

मालक पुढे गेले. ती मात्र तिथेच घुटमळली. मग खाली बसली आणि गाल त्याच्या पायाला लावला. त्याने लाथ झाडली असती तर तोंड फुटलं असतं. मी लगाम घट्ट धरून उभा राहिलो. डावा झाला, उजवा झाला, पुन्हा डावा.

"मालक!" तिचा आवाज चिरकला. "डाव्यात ऊब आहे. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरांनी पायाच्या आतलं दाखवणारं यंत्र लावलं. नसेचे आतले धागे तुटून बारीक भोक पडलं होतं. रविवारी पळाला असता तर मैदानावरच पडला असता.

"या बाईचे हात सोन्याने मढवायला हवेत!" मालक म्हणाले.

"हात नव्हे, मालक. गाल." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "बोटांना आठ महिने काही कळत नाही."

मालकांचं हसू मावळलं. "आठ महिने? मग रोज थंड थंड म्हणत होतीस ते?"

"अंदाजाने. इथून काढलंत तर जाऊ कुठे मी?"

मग मालकांनी डॉक्टरांना थांबायला सांगितलं. पहिल्या घोड्यापासून सगळे पाय पुन्हा तपासायचे होते.

"हे कोणाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

डिम्फनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणालाच नाही," ती म्हणाली.

आणि मी तेव्हाही गप्पच राहिलो.