परकार आणि अक्रोडाचा दस्ता

परकारविषयी लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. सौदीतल्या गप्पा निघाल्या की मी त्याच्या नकला करून दाखवायचो. नकला मला बऱ्या जमतात. लोक हसायचे, चहा यायचा, विषय संपायचा. आता नकला करताना मला धाप लागते, आणि धाप लागल्यावर जी शांतता पसरते, तिच्यात उरलेली गोष्ट सांगावी लागणार असं वाटू लागतं. म्हणून ती लिहून टाकतो. या गोष्टीत परकार हास्यास्पद आहे. मी त्याहून वाईट आहे.

दिलावर परकार दाभोळच्या खाडीकाठचा. मी नाशिकचा, आडनाव वैद्य. सौदीतल्या अल खर्जला अबू नासर नावाच्या मालकाच्या दुकानात आम्ही दोघं नोकरीला होतो. वाळवंटात मुक्कामाला आणि शिकारीला जाणाऱ्यांचं सामान तिथे मिळायचं: तंबू, कंदील, शेगड्या, पाण्याच्या टाक्या आणि काचेच्या कपाटात बंदुका. बंदुकीला हात लावायचा परवाना फक्त अबू नासरला. तो बंदूक उघडायचा, तिचा दस्ता वेगळा करायचा, आणि तो दस्ता तेवढा परकारच्या हातात यायचा. खांद्याला टेकतो, गालाला लागतो तो भाग. गिऱ्हाइकाच्या मापाचा दस्ता बसवणं, घासणं, तेल पाजणं हे परकारचं काम. मागणी नोंदवणं आणि गोदाम सांभाळणं माझं.

नवा माल आला की परकार प्रत्येक दस्ता कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेराने ठोकायचा. नारळ घेताना बायका ठोकतात तसा. मग डोळे मिटून थांबायचा. अक्रोडाचा दस्ता असला तर मान हलवायचा आणि म्हणायचा, "बोलतंय." प्लास्टिकचा, म्हणजे ज्याला बाजारात सिंथेटिक म्हणतात तो असला, तर चेहरा आंबट करून माझ्याकडे सरकवायचा. "घे वैद्या. तुझं मुकं पोर."

सगळी दुनिया त्याने लाकडी आणि प्लास्टिक अशी वाटून टाकली होती. दुकानाशेजारचा मलबारी हॉटेलवाला लाकडी. इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, कामाला मदत करणारा एजंट प्लास्टिक. स्वतःचा जावई आधी लाकडी होता, मग त्याने फोन उचलणं बंद केल्यावर प्लास्टिक झाला. मी पहिल्या दिवसापासून प्लास्टिक. "तुला काय ठाव," तो म्हणायचा. "तुम्ही नाशिकवाले द्राक्षं खाणारे. लाकूड म्हणजे तुम्हाला मांडवाचा खांब."

गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नव्हती. नेम कसा धरायचा हे तो गिऱ्हाइकांना केरसुणी खांद्याला लावून दाखवायचा. एकदा अबू नासर आम्हा दोघांना स्वयंपाकाला म्हणून शिकारीच्या मुक्कामावर घेऊन गेला. पहिला बार निघाला तेव्हा परकार भाताच्या पातेल्यावरचं झाकण डोक्यावर धरून गाडीखाली होता. बाहेर आल्यावर कपडे झटकत म्हणाला, "आवाजावरून सांगतो, प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक होती. लाकडाची असती तर मी हललो नसतो."

गिऱ्हाइकांशी तो मोडक्या अरबीत वाद घालायचा. तरुण पोरं काळ्या सिंथेटिक दस्त्यावर जीव टाकायची, कारण मोबाइलवर तोच दिसायचा. परकार तो दस्ता मुद्दाम दाराबाहेर उन्हात ठेवायचा आणि मग पोराला म्हणायचा, "गाल टेकव." पोरगं हाय करून मागे सरकलं की, "आता घरी बायकोने विचारलं गाल कुणी लाल केला, तर काय सांगणार?" पोरं हसायची आणि तोच काळा दस्ता घेऊन जायची. एका थंडीत थोडा पाऊस झाला, लाकूड फुगलं आणि एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की गोळी डावीकडे जाते. परकारने दस्ता ठोकला, ऐकलं, आणि निर्णय दिला, "दस्ता बरोबर आहे. ससा उजवीकडे सरकला."

असं हे येडं पात्र होतं. माझं म्हणणं सरळ होतं. सिंथेटिक हलकं, पावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही, तक्रार घेऊन कुणी परत येत नाही. परकारचं उत्तर ठरलेलं. "जे फुगत नाय, सुकत नाय, म्हातारं होत नाय, त्याच्यावर गाल कशाला ठेवायचा?" आणि मग बापाची होडी यायची. बापाने ती सागवानाची बांधून घेतली होती, उंडीच्या बियांच्या तेलावर वाढवली होती. "खाडीतल्या सगळ्यांच्या होड्या बदलल्या, आमची तशीच, भाऊ अजून तीच नेतो." ती होडी त्याने इतक्यांदा दुकानात आणली की तंबूंना मासळीचा वास येईल असं मला वाटायचं.

भांडण रंगात आलं ते मोठ्या मागणीच्या वेळी. हंगामासाठी एकाच प्रकारचे दस्ते एकदम मागवायचे असं अबू नासरने ठरवलं. मी सिंथेटिक म्हणालो. परकारने अक्रोड लावून धरलं. अक्रोड हरलं तर दुकानात परकारला कामच उरणार नव्हतं, कारण सिंथेटिकचा दस्ता दोन स्क्रू पिळले की बसतो. घासायचं काही नाही, पाजायचं काही नाही. हे त्याला कळत होतं, मलाही. अबू नासर खजूर चघळत ऐकत होता. शेवटी त्याच्या दुकानी हिंदीत म्हणाला, "तुम दोनो बहुत कलाम. गर्मी बताएगा." कलाम म्हणजे बडबड. एक लाकडी आणि एक सिंथेटिक दस्ता दुकानाच्या गच्चीवर उन्हाळाभर ठेवायचा. जो टिकेल तो मागवायचा. यल्ला, कामाला लागा.

परकारने एक अट घातली. लाकडाला दर गुरुवारी संध्याकाळी तेल मिळालं पाहिजे. "प्लास्टिकला तू उपाशी ठेव, माझ्या लाकडाला जेवण लागतं." अबू नासरला अट पटली. उंडीच्या तेलाची बाटली परकारकडे कायम असायची. काळपट, दाट, आणि वास असा की मलबारी हॉटेलवाला खिडकी लावून घ्यायचा.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि त्याला गावी जावं लागलं. निघायच्या दिवशी तो बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"वैद्या, गुरुवारचं तेल तू लाव."

"मी? अरे, मी तर दुसऱ्या बाजूचा."

"म्हणूनच तर. माझ्या बाजूच्या कुणाला सांगितलं तर अबू नासर म्हणेल, काहीतरी गडबड केली. तुझ्या हाताने टिकलं तर कोण बोलेल?" मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तू प्लास्टिक हायस, पण खोटा नायस."

पहिल्या गुरुवारी मी इमानाने गच्चीवर गेलो. लोखंडी जिना, कठडा हाताला चटका देणारा, आणि माझे गुडघे तेव्हाही काही शहाणे नव्हते. दस्त्याला तेल चोळलं. हाताला जे राहिलं ते सहज गुडघ्यांना पुसलं. त्या संध्याकाळी खोलीवर मी बऱ्याच दिवसांनी मांडी घालून जेवलो. उंडीचं तेल संधिवातावर चालतं हे कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या गुरुवारी दस्त्याला थोडं, गुडघ्यांना जास्त. पुढच्या गुरुवारी जिन्याखाली उभा राहून मी हिशेब केला की लाकूड तडकायचंच असेल तर तेलाने का थांबणार आहे? सिंथेटिकवाल्याला शोभेल असाच विचार. तेव्हापासून दस्ता वर उपाशी आणि तेल खाली माझ्या पायांना. परकार दर आठवड्याला लग्नाच्या गर्दीतून एक शब्द पाठवायचा, "तेल?" आणि मी अंगठा पाठवायचो. मोबाइलवरचा तो पिवळा अंगठा म्हणजे खोटं बोलायची फार सोयीची सोय आहे. तोंड उघडावं लागत नाही.

तो परत येणार त्याच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. दस्ता पांढरट पडला होता आणि पकडीच्या जागेपासून मागे एक लांब चीर गेली होती. बोट घालता येईल एवढी. सिंथेटिक दस्ता शेजारी पडला होता, थोडा विटलेला, बाकी ठणठणीत. मी बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल त्या लाकडाला चोळलं. चिरेत, काठांना, सगळीकडे. लाकडाने ते असं ओढून घेतलं की दोनदा चोळावं लागलं. तोवर मी आळशी होतो, आणि आळशाला माफी मिळते. त्या संध्याकाळी मी लबाड झालो.

परकार लग्नाचे लाडू घेऊन आला आणि आधी गच्चीवर गेला. मागे अबू नासर, मागे मी. परकारने दस्ता उचलला, नाकाशी नेला. उंडीचा वास भरपूर येत होता. चीर पाहिली. ठोकला नाही. कितीतरी वेळ अंगठा त्या चिरेवरून वरखाली फिरवत राहिला. अबू नासर म्हणाला, "लकडी खलास," आणि सिंथेटिक दस्ता खांद्याला लावून बघत खाली गेला.

मला वाटलं होतं तो भांडेल. अक्रोड खोटं निघालं म्हणेल, व्यापाऱ्याला शिव्या देईल, ससा सरकला तसं काहीतरी काढेल. मी त्यासाठी हसायची तयारीही केली होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तेल लावलंस. वास येतोय. तुझा काय दोष नाय. तेल पिऊनसुद्धा फुटलं म्हणजे माझंच चुकत होतं."

मी म्हणालो, "जाऊ दे रे."

इतकं बोलायला मला जमलं.

अबू नासरने त्याला काढलं नाही. तंबूंच्या विभागात बसवलं. माणूस सवयीने काम करायचा, पण गिऱ्हाइकांशी वाद घालेनासा झाला. कुणी विचारलं, लाकडी की सिंथेटिक, तर माझ्याकडे बोट दाखवायचा. "वैद्य साहेबांना विचारा." मला साहेब म्हणायला लागला हे सगळ्यांत वाईट. इकाम्याची मुदत संपायच्या आधीच त्याने कायमचं जायचे कागद मागून घेतले. दुकान शांत झालं आणि माझं म्हणणं तिथे चालू लागलं. म्हणणं बरोबर होतं की नव्हतं, हे अजून कुणी तपासलेलं नाही. तपासायची एक संधी होती, ती माझ्या गुडघ्यांत जिरली.

मी निवृत्त होऊन नाशिकला आलो आणि एका उन्हाळ्यात त्याच्या गावी गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. वाटभर वाक्य घोळवत होतो, "परकार, लाकूड चांगलं होतं, मी तेल लावलंच नाही." साधं वाक्य. व्याकरणही अवघड नाही.

दुकानात तो वर्णन करायचा ते घर ओळखता आलं नाही. दाराची फळकुटं जाऊन तिथे गुळगुळीत प्लास्टिकचं दार आलं होतं. खिडक्यांची तीच गत. परकार अंगणात लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मला पाहून धडपडत उठला आणि मिठी मारून म्हणाला, "या साहेब! बघा, तुमचा मुरीद झालो, चेला." मग त्याने मला सगळं घर फिरवून दाखवलं. फणसाच्या लाकडाचा पलंग विकून आणलेली लोखंडी खाट. जुनी कपाटं गेली. शेजारी कुणी लाकडी चौकट बसवायला काढली की हा जाऊन त्याला चार गोष्टी सुनवायचा. "लाकडावर विश्वास ठेवू नको, मी सौदीत डोळ्यांनी बघितलंय." कधी काळी जितक्या जोराने अक्रोड विकायचा, तितक्याच जोराने आता अक्रोडाची बदनामी करत होता. मला हसू यायला हवं होतं. माणूस तेवढाच हास्यास्पद होता.

"आणि होडी?" मी विचारलं.

"मोडली," तो म्हणाला. "भाऊ ऐकत नव्हता. म्हटलं, अरे, तेल पाजलेलं अक्रोड फुटतं तिथे तुझा साग काय टिकणार? दोन वर्षं डोकं खाल्लं त्याचं. शेवटी फोडून लाकूड वखारीत दिलं, फायबरची घेतली. बाप असता तर जीव दिला असता. पण खरं ते खरं."

त्याची बायको रझियाभाभी पदराने हात पुसत दारात उभी होती. ती म्हणाली, "फोडली त्या दिवशी जेवले नायत हे." तो तिच्यावर खेकसला, "तू गप गे. चहा टाक."

माझं वाक्य तिथे अडकलं. आता ते सांगणं म्हणजे बापाची होडी त्याने फुकट फोडली हे सांगणं. न सांगणं हीच दया, असं मी स्वतःला तिथल्या तिथे पटवलं. माझ्या सगळ्या दया अशाच असतात. त्यांच्यामुळे नेहमी माझंच काम सोपं होतं.

पुढच्या थंडीत परकार गेला. त्याच्या मुलाने मोबाइलवर कळवलं. उत्तर म्हणून मी काय पाठवलं ते लिहीत नाही.

मी त्याच्या गावी गेलो त्या दिवशी मात्र तो मला एसटीपर्यंत सोडायला आला होता. उन्हात, चपला ओढत, छत्री माझ्या डोक्यावर धरून. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर तंबाखू मळत होता, वेळ होता. परकार म्हणाला, "वैद्या, तुझे उपकार हायत. तू इमानाने तेल लावलंस म्हणून मला खरं कळलं. नायतर बापाच्या हट्टातच मेलो असतो."

मी पिशवी खाली ठेवली. म्हणालो, "परकार, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

तो छत्री सावरून थांबला. माझ्याकडे पाहत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला नव्हता, कंडक्टरने हाक मारली नव्हती, कुणीही आमच्या मधे नव्हतं.

मी म्हणालो, "भाभींना सांग, चहा छान झाला होता."